लाल बटण आणि सुरुवातीचा पडदा

माझं काम बघून आजवर कुणाला आनंद झालेला नाही. झालाच असेल तर ते संपल्याचा. संगणकाचं बटण दाबल्यापासून तो कामाला लागेपर्यंत मधे जो वेळ जातो, त्या वेळात समोर जे चित्र दिसतं, ते मी काढते. धंद्यात त्याला बूट स्क्रीन म्हणतात, आमच्या शेडमध्ये सुरुवातीचा पडदा. लोक त्याच्याकडं बघत जांभया देतात, शेजारणीशी बोलतात, नखं कुरतडतात. पडदा गेला की काम सुरू. म्हणजे मी केलेली वस्तू जितक्या लवकर नाहीशी होईल तितकी चांगली. असल्या कामावर दिवाळी अंकाची पानं कशाला खर्ची घालता, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "एरवी तुम्ही कशावरही पत्रक काढता. मग यावरच का नको?" म्हणून लिहितेय.

पत्रकांचं त्यांनी म्हटलं ते खरं आहे. मी केंदूरची, पण कॉलेज दौंडला मावशीकडं राहून केलं, आणि त्याच काळात मला पत्रकाची चटक लागली. एसटी वेळेवर येत नाही, काढा पत्रक. मुलींच्या संडासाला दार नाही, काढा पत्रक. दार बसलं, पण कडी बाहेरून बसली, काढा दुसरं पत्रक. सगळी छपाई इक्बालचाचांच्या छापखान्यात. चाचा माझा मजकूर चष्मा कपाळावर ढकलून वाचायचे आणि दर वेळी एकच सांगायचे, "बेटा, तू कागदाला श्वासच घेऊ देत नाहीस. चारही कोपऱ्यांतून ओरडतेस. वाचणारा काय बहिरा आहे?" मी म्हणायचे, "चाचा, लोक बहिरेच आहेत." ते हसून मशीन चालू करायचे. या माणसाचं तेव्हाच ऐकलं असतं तर हा लेख निम्म्यात संपला असता.

संगणकाकडं मी रागाच्या वाटेनंच आले. आमच्या बाजूच्या कारखान्यांत दर काही वर्षांनी कार्यालयातले संगणक बदलतात. जुने धडधाकट असले तरी भंगारात जातात. इकडं गावातल्या पोरीबाळींना टाइप शिकायला शिरूर गाठावं लागतं. मी पत्रक काढलं, 'तुमचं भंगार आम्हाला द्या, बघा काय करतो.' आश्चर्य म्हणजे एका कारखान्यानं खरंच दिलं. तिथल्या स्टोअरचे जाधवसाहेब टेम्पो घेऊन स्वतः आले. प्रत्येक यंत्र फडक्यानं पुसून, वायरी गुंडाळून, चिठ्ठी लावून आणलेलं. आता 'करून दाखवा' म्हणायची पाळी त्यांची होती.

करून दाखवलं ते पाबळच्या बाबरमामांनी. मामा निवृत्त वायरमन. त्यांच्या घरामागं पत्र्याची शेड आहे, तिथं ते मिक्सरपासून वजनकाट्यापर्यंत काहीही उघडून बसतात. संगणकही त्यांनी तसाच उघडला. एकाची मेमरी काढून दुसऱ्याला, पंख्याला दोन थेंब तेल, आणि वर फुकट मिळणारी, कुणाच्याही मालकीची नसलेली, संगणक चालवणारी प्रणाली, तीही मराठीतून. आम्ही चौघं-पाचजण रविवारी जमायचो. एका रविवारी मामा मला म्हणाले, "अश्विनी, तुला चित्रं काढता येत्यात, बोलताबी येतं. ह्ये चालू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी गांडुळं वळवळत्यात. बायका भेत्यात. त्याच्यावर कायतरी झाक."

बाहेरच्यांसाठी जरा उलगडून सांगते. बटण दाबलं की संगणक एकदम जागा होत नाही. आत शंभर छोटी कामं रांगेनं उठतात. कुणी कळफलक शोधतं, कुणी पडदा, कुणी घड्याळ लावतं. त्या गडबडीवर ओढलेलं कापड म्हणजे माझं चित्र. ते काढायचं तर हात बांधलेले असतात. त्या क्षणी संगणकाला मराठी अक्षरंही नीट जुळवता येत नाहीत, म्हणून शब्दसुद्धा चित्र करूनच चिकटवायचे. चित्र हलकं हवं, नाहीतर पडद्यामुळंच उशीर. आणि बाजारातल्या बड्या प्रणाल्या त्या जागेत काय दाखवतात? स्वतःचं नाव! सकाळी उठून पहिलं दर्शन कंपनीचं. मला याचा इतका संताप आला, की ठरवलं, आपला पडदा लोकांचा असेल.

लोकांचा म्हणजे काय, तर माझा. मी पडद्यावर पत्रकच छापलं. मधोमध उचललेला हात, हातात माऊस. खाली चार घोषणा, एकामागून एक उमटणाऱ्या. पहिली होती 'यंत्र कुणाचं? चालवील त्याचं!' बाकीच्या सांगत नाही. रंगावरून तर आठवडा गेला. भगवा घेतला तर एका पक्षाचा, हिरवा दुसऱ्याचा, निळा तिसऱ्याचा, पिवळ्यावर एका पतसंस्थेचा हक्क. शेवटी काळ्या रानाचा रंग घेतला, त्यावर कुणी अजून झेंडा काढलेला नाही. आणि तळाशी एक पट्टी, डावीकडून उजवीकडं भरत जाणारी. पट्टी भरली की संगणक तयार. मी खूश होते. मामा बघून म्हणाले, "झ्याक हाय. पर ही पट्टी खरं बोलती का?" मी म्हटलं, "मामा, पट्टी ती पट्टी. भरते म्हणजे झालं."

तो प्रश्न तेव्हाच धरायला हवा होता.

आमची आठ यंत्रं गेली यवतला, शकिलाआपांच्या वर्गात. आपा म्हणजे इक्बालचाचांची थोरली मुलगी, लग्न होऊन यवतला आलेली. बोलणं हळू, पण शब्द मागं घ्यायच्या नाहीत. गावातल्या विकास सोसायटीची एक खोली रिकामी पडून होती. ती आपांनी चेअरमनआबांकडून मागून घेतली आणि तिथं बायकांचा वर्ग काढला. सकाळी नऊ ते अकरा, चौदा जणी. सगळ्या रानातलं, घरातलं आवरून येणाऱ्या. कुणाला मुलाच्या शाळेचे अर्ज स्वतः भरायचे होते, कुणाला लग्नाच्या पत्रिका बनवून देण्याचं काम करायचं होतं. ताराबाई सगळ्यांत मोठ्या, पन्नाशीच्या पुढच्या. त्यांना त्यांच्या आईची झाडपाल्याची औषधं टाइप करून ठेवायची होती. आई थकली होती, आणि सगळं तिच्या तोंडी होतं. गावात त्यांना घराबाहेरची ती एकच खोली होती, जिथं चौदा बायका काही न लाटता, न शिवता, न निवडता नुसत्या शिकायला बसायच्या. खोली गेली तर वर्ग गेला. आपांच्या घरी आठ संगणक ठेवायला जागा नव्हती, आणि आठवड्यातले सहा दिवस बायकांना दुसऱ्याच्या घरी पाठवायला घरचे तयार झाले नसते.

दोन महिन्यांत यंत्रं मरायला लागली. आधी एक, मग दुसरं, मग तिसरं. मामा जाऊन बघून आले, म्हणाले हार्ड डिस्कवरची मांडणीच विस्कटलीय, सगळं पुसून पुन्हा भरावं लागेल. त्यात ताराबाईंनी तीन आठवडे टाइप केलेली झाडपाल्याची वही गेली. आपांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "ताराबाई आज काही बोलल्या नाहीत. रोज बोलतात." माझं डोकं फिरलं. गुन्हेगार समोरच दिसत होता. त्या दिवशीच मजकूर लिहिला, दौंडला नेला. 'गरिबांच्या माथी कारखान्याचं भंगार!' खाली सविस्तर आरोप. मोडकी यंत्रं मुद्दाम दिली, दानाचा फोटो काढला, बायकांचे कष्ट मातीत घातले.

चाचांनी चष्मा कपाळावर ढकलला. "बेटा, खात्री केलीस?"

"चाचा, तीन यंत्रं मेली!"

"मेली ते दिसतंय. कुणी मारली ते विचारतो."

"छापा तुम्ही."

त्यांनी छापलं. मी शिरूरच्या स्टँडवर वाटलं, कारखान्याच्या फाटकावर वाटलं, यवतला दुकानादुकानांत ठेवलं. फार समाधान वाटलं. रागाचं समाधान जिलबीसारखं असतं, गरम असताना किती खाल्लं ते कळत नाही.

चार दिवसांनी आपांचा फोन, लगेच ये. गेले तर खोलीत चेअरमनआबा खुर्चीवर बसलेले, हातात माझं पत्रक. आबा बागायतदार, तालुक्याच्या राजकारणात मुरलेले, पण वाईट माणूस नाही. त्यांनी पत्रक माझ्याकडं वळवलं.

"ह्ये तुम्हीच लिवलंय ना?"

"हो, मीच."

"बरं लिवलंय. मला पटलं. ही यंत्रं भंगार हायती, व्हय ना? मग भंगारासाठी सोसायटीची खोली आडवून ठिवायची व्हय? खताची गाडी येतीया. गोण्या कुठं उतरवू, माझ्या डोक्यावर?"

आबांनी पत्रक बाकावर ठेवलं.

आपा म्हणाल्या, "आबा, आठातली पाच चालू आहेत."

"आज पाच, उद्या दोन. आपा, तुमच्याबद्दल आदर हाय, म्हून आठवडा देतो. येत्या शनिवारी कमिटी घिऊन येतो. चालू दिसली तर खोली तुमची. न्हाई तर गोण्या."

आबा गेल्यावर आपा माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पत्रकाची घडी केली आणि म्हणाल्या, "अश्विनी, तू आमच्या बाजूनं लिहिलंस, मला माहीत आहे. पण लिहिण्याआधी एकदा इथं येऊन बसली असतीस, तर बरं झालं असतं."

मामांनीही तेच सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं. "उंद्या वर्गात जायचं, मागं बसायचं, आन् तोंडाला कुलूप. बघायचं फकस्त. वायरमन खांबावर चढायच्या आधी खाली हुभा राहून वर बघतो का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी नऊला मी मागच्या बाकावर. बायका आल्या, चपला बाहेर ओळीनं काढल्या, यंत्रांवरची कापडं घडी करून ठेवली, बसण्याआधी पडदा पदरानं पुसला. एवढी माया मी माझ्या सायकलवरही कधी केली नाही. बटणं दाबली. माझा उचललेला हात आला, घोषणा उमटल्या. कुणी वाचल्या नाहीत. पट्टी भरत गेली. चार यंत्रांवर पट्टी भरली आणि काम सुरू झालं. ताराबाईंच्या यंत्रावर पट्टी पूर्ण भरली आणि तिथंच थांबली. हात हलेना, पट्टी हलेना. आत मात्र पंख्याची आणि डिस्कची घरघर चालू. ताराबाईंनी दहापर्यंत मोजावं इतका वेळ बघितलं. मग अंगठा बटणावर ठेवला आणि पूर्ण ताकदीनं दाबून धरला. यंत्र बंद.

माझ्या तोंडाचं कुलूप तुटलं. "ताराबाई! असं का केलंत?"

त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी शहरातल्या माणसाकडं टाकतात. "का म्हंजी? घुमाय लागलं न्हाई का?"

"घुमायला?"

"अगं बाई, तू केंदूरची ना? शेतकऱ्याचीच ना? मोटरीचं हिरवं बटण दाबलं, मोटर नुसती घुमती, पर पाणी उचलंना, तर काय करतीस? बघत बसतीस? का लाल बटण दाबतीस? न्हाई दाबलं तर आतलं जळतंय. ह्ये मशीन काय माझं हाय व्हय, जळू द्यायला? चौदा जणींचं हाय."

मला दहाव्या वर्षीचा दिवस आठवला. आप्पांनी मला विहिरीवर नेऊन पेटीतली दोन बटणं दाखवली होती. घुमली की लाल, विचार करायचा नाही, आधी लाल. आमच्याकडचं प्रत्येक पोर हे शिकतं. एका फेजची लाईट गेली की मोटर फिरत नाही, नुसती घुमते आणि थोड्या वेळात जळते. लाल बटण पटकन दाबणारा माणूस शहाणा. वर्गातल्या चौदाही जणी शहाण्या होत्या. ज्या यंत्राची ज्यांना सर्वांत जास्त काळजी, त्यांनी ते सर्वांत आधी मारलं होतं.

आणि घुमल्याचं चित्र त्यांना दाखवलं कुणी? मी. पट्टी खरं बोलते का, हे मामांनी विचारलं होतं. ती खोटं बोलत होती. संगणकाला सुरू व्हायला आज किती वेळ लागेल, ते आधी कळत नाही. माझी पट्टी गेल्या वेळी किती लागला तेवढं लक्षात ठेवायची आणि त्याच हिशेबानं भरायची. लाईट जाऊन यंत्र मधेच बंद पडलं किंवा कुणी दाबून बंद केलं की पुढच्या वेळी ते आधी आपली हार्ड डिस्क तपासत बसतं, कुठं काही विस्कटलं तर नाही ना. जुन्या डिस्कवर त्याला पाच-सहा मिनिटं लागतात. पट्टी मात्र दीड मिनिटातच भरून मोकळी. भरली आणि थांबली, म्हणजे अडकलं, म्हणजे घुमलं, म्हणजे लाल बटण. पुढच्या वेळी पुन्हा तपासणी, पुन्हा अंगठा. असं पाच-सात वेळा झालं की तपासतानाच डिस्क विस्कटायची. कारखान्यानं चांगली यंत्रं दिली होती. जाधवसाहेबांनी पुसून दिली होती. मारली माझ्या पट्टीनं.

हे मी वर्गात उभं राहून सांगितलं. चौदा बायका ऐकत होत्या. ताराबाई म्हणाल्या, "म्हंजी माझी वही तुझ्या पट्टीनं खाल्ली?"

"हो."

"बरं." आणि पदर खोचत, "मग आता काय चितारणार हायेस? पुन्यांदा त्यो हात नको. मारायला उठल्यावानी दिसतोय."

सगळ्या हसल्या. माझ्या पहिल्या पडद्याचं तेवढंच परीक्षण झालं, आणि ते अचूक होतं.

कल्पना त्यांच्याच बोलण्यात होती. घुमणारी मोटर बंद करतात, पण पाणी लांबून यायचं असेल तर कुणी बंद करत नाही. आमच्याकडं पाइपलाइनी कोसावरून येतात. मोटर चालू केली की पाइपाच्या तोंडाशी लगेच पाणी दिसत नाही. आधी आतली हवा निघते, मग पाइप थुंकतो, मग धार लागते. माणूस बांधावर बसून निवांत वाट बघतो, कारण हवा निघतेय म्हणजे मागून पाणी येतंय. वाट बघण्याची ही रीत लोकांच्या अंगात होती. मी तिच्यावर घोषणा चिकटवत बसले होते.

तीन दिवस मामांच्या शेडमध्ये बसून नवा पडदा केला. काळं रान, त्यातून आडवा जाणारा पाइप, मधे हवा सोडायची तोटी, शेवटी मोकळी सरी. पट्टी काढून टाकली. किती झालं हे ठाऊक नसेल तर ठाऊक असल्याचा आव नाही आणायचा. फक्त काम चालू आहे एवढं दाखवायचं. संगणक काहीही करत असला की तोटीतून हवेचे बुडबुडे निघत राहतात. डिस्कची तपासणी चालू असेल तर पाइपातलं पाणी तपासणीच्या खऱ्या आकड्यानुसार इंच-इंच पुढं सरकतं. ते माझं पहिलं चित्र, जे खरं बोलत होतं.

गुरुवारी ते वर्गात नेऊन दाखवलं. खाली लिहिलं होतं, 'कृपया प्रतीक्षा करावी.' ताराबाईंनी तोंड वाकडं केलं. "ह्ये बँकेतल्यावानी काय लिवलंय?"

"मग काय लिहू?"

"पाणी लांबनं यायचं असलं तर बांधावरनं काय वरडतो आपण? थांबा, येतंय!"

तेच लिहिलं. मग त्यांनी धारेवर बोट ठेवलं. "आन् पाणी असं एकदम धो धो येतंय व्हय? आधी थुकतंय. दोनदा थुकव." मी दोनदा थुंकवलं. देशोदेशी मोठ्या पगारावर असली चित्रं काढणारे लोक असतात. त्यांच्याकडं ताराबाई नाहीत, याची मला त्यांच्यासाठी खरोखर कीव येते.

त्याच दुपारी दौंडला गेले. मजकूर चाचांच्या हातात दिला. 'चूक माझी होती. कारखान्यानं दिलेली यंत्रं चांगली होती. माझ्या चित्रामुळं ती बंद पडली.' आणि खाली माझं पूर्ण नाव. एवढंच. चारही कोपरे मोकळे.

चाचांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, "चाचा, ओरडलेय का कुठं?"

"नाही बेटा." ते उठले, आतल्या फळीवरून वेगळं बंडल काढलं. "या मशीनवर माफीचं पत्रक आजवर कुणी छापलं नाही. थांब, चांगला कागद लावतो."

जितक्या ठिकाणी पहिलं वाटलं होतं तितक्या ठिकाणी दुसरं वाटलं. शुक्रवारी कारखान्याच्या फाटकावर जाधवसाहेब भेटले. वाचून म्हणाले, "पहिलं पत्रक आमच्या साहेबांनी बोर्डावर लावलं होतं. हे मी लावतो." ते आता स्टोअरमध्ये नव्हते, माल रवाना करायच्या खात्यात होते. माझ्या पत्रकामुळं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. पत्रक परत घेता येत नाही, दुसरं काढता येतं, हे मी त्या फाटकावर शिकले. ते शिक्षण जाधवसाहेबांच्या खर्चानं झालं.

मामांनी मेलेली तिन्ही यंत्रं पुसून पुन्हा उभी केली. शनिवारी दहाला आबा चार कमिटीवाल्यांना घेऊन आले. बाहेर खताची गाडी उभीच होती, गोण्यांसकट. आबांच्या हातात माझं दुसरं पत्रक.

"बाई, आठवड्यापूर्वी भंगार, आता चांगली. उंद्या काय लिवणार?"

"आबा, जे दिसेल ते."

आपांनी त्यांना पहिल्या यंत्राकडं नेलं. पण आबा राजकारणातले. दाखवायला काढलेली गाय ते विकत घेत नाहीत. त्यांनी कोपऱ्याकडं बोट केलं. "ती. मी सोताच चालू करतो."

आदल्या दिवशी वर्ग चालू असताना लाईट गेली होती, आणि ते यंत्र मधेच बंद पडलं होतं. म्हणजे आता तपासणी. म्हणजे पाच-सहा मिनिटं. मी आपांकडं बघितलं. त्यांनी मान किंचित हलवली, म्हणजे काही बोलू नकोस.

आबांनी बटण दाबलं. काळं रान आलं, पाइप आला. आबा वाकून बघायला लागले. "ह्यो रंग कुणाचा?"

"रानाचा," ताराबाई म्हणाल्या.

तोटीतून बुडबुडे निघायला लागले. पाइपात बोटभर पाणी दिसलं आणि तिथंच रेंगाळलं. एक मिनिट. दोन मिनिटं. खोलीत डिस्कची घरघर तेवढी ऐकू येत होती. कमिटीतला एकजण पुढं झाला. "आबा, अडकलंय ह्ये. घुमतंय नुसतं. बंद करा, जळंल."

आबांचा अंगठा बटणाकडं गेला. मला ओरडायचं होतं, आयुष्यभर तेच तर केलं होतं. ओठ चावून गप्प राहिले. माझं चित्र मी बोलल्याशिवाय बोलणार नसेल, तर ते पुन्हा खोटंच होतं.

अंगठा बटणावर टेकला नाही. आबा पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी हात मागं घेतला, खुर्ची ओढली आणि बांधावर बसल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"गप रं," त्या माणसाला म्हणाले. "दिसत न्हाई का? हवा निघतीया अजून."

पाणी सरकत होतं. पाचव्या मिनिटाच्या आसपास पाइपाचं तोंड एकदा थुंकलं, मग दुसऱ्यांदा. आबा हसले. धार लागली, सरी भरली, आणि कामाचा पडदा उघडला. आबांनी उठून धोतर झटकलं, दारातून गाडीवाल्याला हाक मारली, "त्या गोण्या म्हागल्या पडवीत उतरव!" आणि जाताना ताराबाईंना विचारलं, "वयनी, ह्यो पाइप कुणी काढला?" ताराबाईंनी माझ्याकडं बोट केलं, मी त्यांच्याकडं.

वर्ग अजून त्याच खोलीत भरतो. ताराबाईंनी आईजवळ बसून झाडपाल्याची वही पुन्हा टाइप केली. मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेला म्हातारीला आणिक चार पाले आठवले." हे त्यांनी माझं समाधान व्हावं म्हणून सांगितलं की खरंच तसं झालं, ते मला माहीत नाही. मी ते तसंच ठेवून घेतलंय.

त्यानंतर मी बरेच पडदे काढले, पण काढायच्या आधी प्रत्येक गावी जाऊन एक सकाळ मागच्या बाकावर गप्प बसते. पत्रकं अजून काढते, कोपरे मोकळे सोडून. पाया पडायची मला सवय नाही, चाचा आणि मामा दोघांनाही ते चालणार नाही, म्हणून हे त्यांच्यासाठी इथं लिहून ठेवते.

गेल्या महिन्यात मामांनी वर्गातल्या यंत्रांना नव्या जातीच्या डिस्क बसवल्या. त्या इतक्या झटपट चालतात, की पाइप दिसतो न दिसतो तोच काम समोर हजर. मी बघायला गेले होते. ताराबाईंनी बटण दाबलं, पडदा आला आणि गेला.

"काय गं अश्विनी," म्हणाल्या, "आता मोटर पार घराम्हागंच बसवलीस व्हय?"